इंग्रजी लिहिताना होणाऱ्या व्याकरणाच्या चुका: मजकूर तपासण्याची क्रमवार पद्धत

इंग्रजीत अर्ज, ईमेल किंवा अहवाल लिहिणाऱ्या मराठीभाषकांच्या चुका एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यामागे निष्काळजीपणा क्वचितच असतो. मनात आधी मराठी वाक्य तयार होते, ते मराठीच्या नियमांनुसार अगदी शुद्ध असते आणि त्याच साच्यात आपण इंग्रजी शब्द बसवत जातो. म्हणून व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून पाठ करण्यापेक्षा, मराठीचा साचा इंग्रजीत नेमका कुठे बसत नाही त्या जागा ओळखून ठेवाव्यात आणि लिहून झालेला मजकूर त्या जागांवर तपासावा, हे नवशिक्याला अधिक उपयोगी पडते. पुढील पायऱ्या याच हेतूने लावलेल्या आहेत.

पहिली पायरी: आधी मसुदा, मग तपासणी

लिहिता लिहिता व्याकरण तपासू नये. प्रत्येक वाक्यापाशी अडखळले की विचाराचा धागा तुटतो आणि वाक्यही सुधारत नाही. जे सांगायचे आहे ते आधी पूर्ण लिहून काढावे, शक्य असल्यास मजकूर काही वेळ बाजूला ठेवावा आणि मग तो एकदाच न वाचता अनेकदा, प्रत्येक वेळी एकाच गोष्टीसाठी वाचावा. एका वाचनात फक्त क्रियापदे पाहावीत, दुसऱ्यात फक्त नामे, तिसऱ्यात शब्दयोगी अव्यये आणि शेवटी वाक्यांचे जोड व विरामचिन्हे. एकाच वाचनात सगळे शोधू पाहणारा डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चुकीवरून सहज पुढे सरकतो. स्वतःचा मजकूर वाचताना तर हे हमखास होते, कारण काय लिहायचे होते हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

मसुदा लिहिताना एवढेच पथ्य पाळावे की वाक्ये छोटी असावीत. मराठीत '-ऊन', '-ताना', 'जो–तो' यांच्या आधाराने वाक्य कितीही लांबवता येते आणि ते कोसळत नाही. इंग्रजीत तसे वाक्य तोलायला सराव लागतो. सुरुवातीच्या काळात एका वाक्यात एक विधान आणि फार तर त्याला जोडलेले दुसरे, इतक्यावर थांबणे बरे.

दुसरी पायरी: क्रियापद आणि त्याचा खरा कर्ता

पहिल्या वाचनात प्रत्येक वाक्यातील क्रियापदाखाली रेघ मारावी आणि 'हे कोण करते' असे विचारून कर्त्याखालीही रेघ मारावी. मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे चालते, कधी कर्माप्रमाणे. 'त्याने चिठ्ठी लिहिली', 'तिने चिठ्ठी लिहिली', 'त्यांनी चिठ्ठी लिहिली' या तिन्ही वाक्यांत क्रियापद चिठ्ठीच्या ताब्यात आहे. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधीही पाहत नाही. ते नेहमी कर्त्याप्रमाणे बदलते आणि तेही फारच थोडे: 'टू बी' सोडल्यास साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला क्रियापदाच्या शेवटी 'एस' लागतो, एवढाच काय तो बदल. म्हणून 'शी वर्क इन अ बँक' चूक आणि 'शी वर्क्स इन अ बँक' बरोबर.

हा 'एस' एरवी लक्षात राहतो. तो हरवतो ते कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये इतर शब्द घुसल्यावर. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स आर ऑन द टेबल' हे वाक्य कानाला बरोबर वाटते, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी 'कँडिडेट्स' हा अनेकवचनी शब्द आहे. परंतु टेबलावर आहे ती यादी, उमेदवार नव्हेत. म्हणून तेथे 'इज' हवा. अशा वाक्यात 'ऑफ'पासून सुरू होणारा तुकडा बोटाने झाकावा आणि उरलेले वाक्य वाचावे. 'द लिस्ट आर' हे कोणालाही खटकेल.

याच वाचनात आणखी काही ठिकाणे पाहून घ्यावीत. 'ईच', 'एव्हरी', 'एव्हरीवन', 'एव्हरीबडी' यांचा अर्थ अनेकांना कवेत घेणारा असला, तरी क्रियापद एकवचनीच लागते. 'अ नंबर ऑफ पीपल' असल्यास अनेकवचनी क्रियापद आणि 'द नंबर ऑफ पीपल' असल्यास एकवचनी, कारण पहिल्यात बोलणे माणसांविषयी असते, तर दुसऱ्यात त्या संख्येविषयी. 'माझा एक मित्र' या सवयीतून येणारे 'वन ऑफ माय फ्रेंड' हे 'वन ऑफ माय फ्रेंड्स' असे हवे, मात्र त्यापुढचे क्रियापद 'वन'साठी म्हणजे एकवचनी राहते. 'टीम', 'कमिटी', 'गव्हर्नमेंट' या समूहवाचक शब्दांना अमेरिकी इंग्रजीत एकवचनी क्रियापद लावतात, तर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. एका मजकुरात एकच रीत ठेवावी.

साहाय्यकारी क्रियापदाचा नियम सोपा आहे, तरीही तो घाईत मोडतो. 'डू', 'डज' किंवा 'डिड' आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात जाते, कारण काळ दाखवण्याचे काम साहाय्यकारी क्रियापदाने आधीच उरकलेले असते. 'ही डिड नॉट वेंट' नव्हे, 'ही डिड नॉट गो'.

तिसरी पायरी: काळ

रेघा मारलेल्या त्याच क्रियापदांकडे पुन्हा एकदा, आता काळाच्या दृष्टीने पाहावे. मराठीभाषकाच्या इंग्रजीत सर्वांत खोल रुजलेल्या चुका येथे सापडतात आणि त्या बहुतेक वेळा शब्दशः मराठीतून आलेल्या असतात, म्हणून या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

'मी तीन वर्षांपासून येथे काम करत आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. त्याचे सरळ रूपांतर 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असे होते आणि त्यात एकदम दोन चुका होतात. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी इंग्रजीत 'हॅव बीन' लागते. शिवाय 'सिन्स' हा शब्द सुरुवातीचा बिंदू सांगतो आणि 'फॉर' हा कालावधी. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालते म्हणून हा फरक जाणवत नाही. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स'. वर्षच सांगायचे असेल तर 'सिन्स 2021'.

'मी काल अर्ज दिला आहे' असे मराठीत सर्रास म्हटले जाते, म्हणून 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' लिहिताना काही चुकले असे वाटत नाही. इंग्रजीत 'काल', 'सोमवारी', 'गेल्या महिन्यात', '2019 मध्ये' अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' चालत नाही. तेथे साधा भूतकाळ हवा. वेळेचा उल्लेख काढला, तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' हे वाक्य पुन्हा बरोबर ठरते, कारण तेथे कधी दिला हे नव्हे, तर तो आता दिलेला आहे हे महत्त्वाचे असते.

याच घराण्यातली दुसरी चूक 'गेलो होतो', 'केले होते' या रूपांमुळे होते. 'मी काल तेथे गेलो होतो' याचे 'आय हॅड गॉन देअर यस्टरडे' केले जाते. मराठीतील 'होतो' घडून गेलेली साधी गोष्टही सांगतो. इंग्रजीतील 'हॅड' मात्र भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवण्यासाठी येतो: 'द ट्रेन हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टेशन'. दुसरी घटना वाक्यात किंवा आसपास कुठेच नसेल, तर 'हॅड' काढून साधे 'आय वेंट देअर यस्टरडे' लिहावे. माझ्या मते ही एक सवय सुटली, तरी मजकूर लगेच स्वच्छ दिसू लागतो.

भविष्यकाळाचा घोटाळा 'तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन' या मराठी रचनेतून येतो. मराठी दोन्ही भागांत भविष्यकाळ ठेवते. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या वेळदर्शक किंवा अट सांगणाऱ्या भागात साधा वर्तमानकाळ येतो आणि 'विल' फक्त मुख्य भागात राहतो: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. 'आय डू नॉट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य चूक नाही, कारण त्यातला 'व्हेन' म्हणजे 'जेव्हा' नसून 'केव्हा' आहे. मराठीत दोन वेगळे शब्द असल्यामुळे आपल्याला ही कसोटी आयती मिळते. 'जेव्हा' म्हणता आले तर 'विल' काढावा, 'केव्हा' म्हणता आले तर राहू द्यावा.

उरला 'आय एन जी'चा अतिरेक. 'नो', 'अंडरस्टँड', 'बिलीव्ह', 'वाँट', 'बिलाँग' ही क्रियापदे कृती सांगत नाहीत, स्थिती सांगतात, म्हणून ती सहसा अपूर्ण काळात येत नाहीत. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' ऐवजी 'आय डू नॉट अंडरस्टँड' लिहावे. 'हॅव' मालकीच्या अर्थाने असेल तर 'आय हॅव टू कॉपीज'. तो कृतीच्या अर्थाने असेल तर मात्र 'वी आर हॅविंग अ मीटिंग' योग्य आहे.

चौथी पायरी: नामे आणि उपपदे

दुसऱ्या वाचनात क्रियापदांकडे पाहूच नये. प्रत्येक नामापाशी थांबावे. 'द' हा इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द आहे आणि मराठीत त्याच्या जोडीचे काहीच नाही. त्यामुळे 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदे एक तर गळून जातात किंवा भीतीपोटी सगळीकडे पेरली जातात. कुठे कोणते येते याचे अपवाद पुष्कळ आहेत, पण प्रत्येक नामाला ठरावीक क्रमाने तीन प्रश्न विचारले तर बहुतेक ठिकाणचा निर्णय होतो.

पहिला प्रश्न: वाचकाला नेमके कोणते हे ठाऊक आहे का? आधी उल्लेख झाल्यामुळे, एकमेव असल्यामुळे किंवा पुढच्या शब्दांनी ओळख पटल्यामुळे ते ठाऊक असेल, तर 'द' लावावा. 'प्लीज सेंड मी द फाइल' म्हणजे आपण जिच्याविषयी बोलत होतो ती फाइल. उत्तर 'नाही' असेल तर दुसरा प्रश्न: हे नाम मोजता येते का? येत नसेल तर उपपद लागत नाही. मोजता येत असेल तर तिसरा प्रश्न: एक की अनेक? अनेक असल्यास पुन्हा उपपद नाही, एकच असल्यास 'अ' किंवा 'ॲन' हवाच. मोजता येणारे एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी उपपद, 'माय', 'धिस' किंवा 'एव्हरी' असे काहीतरी असावे लागते. 'शी इज डॉक्टर' हे 'ती डॉक्टर आहे' याचे शब्दशः रूप आहे आणि ते 'शी इज अ डॉक्टर' असे हवे.

सर्वसाधारण विधानात 'द' घालण्याची चूकही तितकीच होते. 'द ऑनेस्टी इज इम्पॉर्टंट' किंवा 'द चिल्ड्रन नीड स्लीप' लिहिले, की कोणता प्रामाणिकपणा आणि कोणती मुले असा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडतो. सगळ्यांविषयी बोलायचे असेल तर 'द' काढावा.

'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरते. 'अवर' या शब्दातला 'एच' उच्चारला जात नाही म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द 'यु' स्वराक्षराने लिहिला जात असला, तरी त्याचा उच्चार 'य'ने सुरू होतो म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. संक्षेपांनाही हेच लागू पडते: 'ॲन एमबीए डिग्री', 'ॲन एसएमएस', पण 'अ युएसबी केबल'.

मोजता न येणाऱ्या नामांची यादी मात्र पाठच करावी लागते, कारण तर्क येथे फारसा कामी येत नाही. मराठीत आपण 'सल्ले' देतो आणि 'पुरावे' गोळा करतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' आणि 'एव्हिडन्स' एकवचनीच राहतात. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'लगेज', 'सॉफ्टवेअर', 'फीडबॅक', 'होमवर्क', 'सीनरी', 'नॉलेज' यांनाही अनेकवचनाचा 'एस' लावत नाहीत. 'नॉलेज'चा 'हॅव अ गुड नॉलेज ऑफ' असा ठरावीक प्रयोग सोडला, तर यांच्या आधी 'ॲन' किंवा 'अ' येत नाही. मोजायचेच असेल, तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' किंवा 'टू आयटम्स ऑफ फर्निचर' अशी सोय आहे.

पाचवी पायरी: क्रियापदांसोबतची शब्दयोगी अव्यये

मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, कोणाशी तरी संपर्क साधतो, एखाद्या मुद्द्यावर भर देतो आणि स्थानकावर पोहोचतो. त्या '-वर' आणि '-शी' यांच्यासाठी काहीतरी घालावेसे वाटते आणि 'डिस्कस अबाउट', 'काँटॅक्ट विथ', 'एम्फसाइझ ऑन', 'रीच टू' अशी रूपे तयार होतात. ही क्रियापदे इंग्रजीत थेट कर्म घेतात: 'वी डिस्कस्ड द प्रपोजल', 'प्लीज काँटॅक्ट द मॅनेजर', 'शी एम्फसाइझ्ड सेफ्टी', 'वी रीच्ड द स्टेशन'. 'मेन्शन', 'ऑर्डर', 'मॅरी', 'ॲप्रोच' यांचेही तसेच. गोंधळ वाढतो तो यांच्या नामरूपांमुळे, कारण 'अ डिस्कशन अबाउट', 'ॲन एम्फसिस ऑन', 'ॲन ऑर्डर फॉर' ही सगळी बरोबर आहेत. म्हणून शब्द क्रियापद म्हणून आला आहे की नाम म्हणून, हे आधी पाहावे.

उलट दिशेची चूकही होते. 'माझे ऐका' यातून 'लिसन मी' आणि 'मला समजावून सांगा' यातून 'एक्सप्लेन मी' येते. तेथे 'लिसन टू मी' आणि 'एक्सप्लेन इट टू मी' लागते. 'सीनियर', 'ज्युनियर' आणि 'प्रिफर' यांच्यापुढे 'दॅन' नव्हे, 'टू' येतो. 'कोप अप विथ' यातला 'अप', 'रिटर्न बॅक' यातला 'बॅक' आणि 'डिस्पाइट ऑफ' यातला 'ऑफ' काढून टाकावा.

पत्राच्या शेवटी हटकून येणारे 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हे वाक्य वेगळ्या कारणाने चुकते. येथील 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाचा भाग नसून शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून त्याच्यापुढे 'मीटिंग' हवे. कसोटी अशी, की त्या 'टू'पुढे एखादे नाम ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' हे वाक्य जमते, म्हणजे तेथे नामासारखे वागणारे 'आय एन जी' रूप लागणार.

वेळेसाठी ढोबळ नियम पुरतो: घड्याळातील वेळेला 'ॲट', वाराला व तारखेला 'ऑन', महिना आणि वर्षाला 'इन'.

सहावी पायरी: वाक्यांचे जोड

आता क्रियापदे आणि नामे बाजूला ठेवून, दोन विधाने जेथे एकमेकांना भिडतात त्या सांध्यांकडे पाहावे. मराठीत 'जरी' म्हटले की 'तरी' आलाच पाहिजे. म्हणून 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क' असे लिहिले जाते. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो: एक तर 'ऑल्दो' ठेवावा किंवा 'बट'. 'ॲज'ने सुरू केलेल्या कारणापुढे 'सो' किंवा 'देअरफोर' जोडणे ही याच जातीची चूक.

'की' या शब्दाने होणारी चूक अधिक सूक्ष्म आहे. 'त्याने मला विचारले की तू कुठे चालला आहेस' या वाक्यात 'की'नंतर मूळ प्रश्न जसाच्या तसा ठेवता येतो. त्यावरून 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' तयार होते. इंग्रजीत येथे तीन बदल करावे लागतात: 'दॅट' जातो, प्रश्नाचा उलटा क्रम सरळ होतो आणि सर्वनाम व काळ सांगणाऱ्याच्या बाजूने बदलतात. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग'. क्रम सरळ करण्याचा नियम 'आय डू नॉट नो', 'प्लीज टेल मी', 'कॅन यू टेल मी' यांच्यानंतरही लागू आहे. म्हणून 'प्लीज टेल मी व्हेअर इज द फाइल' हे 'प्लीज टेल मी व्हेअर द फाइल इज' असे हवे.

'रस्त्याने चालताना पाऊस आला' हे मराठीत कोणालाही खटकत नाही, कारण '-ताना'चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता वेगळे असू शकतात. 'वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड' या इंग्रजी वाक्यात मात्र पाऊसच रस्त्याने चालू लागतो. 'आय एन जी' रूपाने वाक्य सुरू केले, तर स्वल्पविरामानंतर लगेच ती कृती करणारा यावा, नाहीतर पहिल्या भागाला स्वतःचा कर्ता द्यावा: 'ॲज वी वेअर वॉकिंग डाउन द रोड, इट स्टार्टेड टू रेन'.

सातवी पायरी: विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे

मराठीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली चालून जातात. इंग्रजीत तो दोष मानला जातो. 'द सर्व्हर इज डाउन, वी कॅनॉट सेंड द रिपोर्ट' येथे पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा किंवा स्वल्पविरामानंतर 'सो' लिहावा. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे शब्द उभयान्वयी अव्ययासारखे दिसतात, पण दोन वाक्ये जोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविरामच लागतो.

अपॉस्ट्रॉफीचा उपयोग दोनच कामांसाठी करावा: गाळलेले अक्षर दाखवण्यासाठी आणि मालकी दाखवण्यासाठी. अनेकवचनासाठी तो कधीही वापरू नये. 'इट्स' या शब्दाच्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' ठेवून वाक्य जमले तर अपॉस्ट्रॉफी द्यावा, नाहीतर देऊ नये.

तीन किंवा अधिक गोष्टींच्या यादीत 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांतच मतभेद आहेत. अमेरिकेतील मेन राज्याच्या ओव्हरटाइमविषयक कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही अशा कामांच्या यादीत शेवटचा स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधणे' हे एकच काम, की 'बांधणे' आणि 'वितरण' ही दोन कामे, असा प्रश्न उभा राहिला. 2017 मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा मजकूर संदिग्ध ठरवून दूध वाहतूक करणाऱ्या चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे 50 लाख डॉलरची तडजोड झाली. मी तो स्वल्पविराम देण्याच्या बाजूचा आहे. मात्र संस्थेची ठरलेली रीत वेगळी असेल तर ती पाळावी.

देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसल्यामुळे ती विसरली जातात. वार, महिने, भाषा आणि देशांची नावे, तसेच 'मी' या अर्थाचा 'आय' मोठ्या अक्षराने लिहावा. ऋतूंची नावे लहान अक्षराने लिहिली जातात.

आठवी पायरी: एका मजकुरावर सराव

पुढील ईमेल पाहावे. 'आय ॲम वर्किंग इन अकाउंट्स डिपार्टमेंट सिन्स थ्री इयर्स. आय हॅव सबमिटेड माय लीव्ह ॲप्लिकेशन ऑन मंडे, आय डिड नॉट गॉट एनी रिप्लाय. आय वाँट टू डिस्कस अबाउट द सेम. प्लीज टेल मी व्हेन आर यू फ्री. व्हेन यू विल कॉल मी, आय विल ब्रिंग ऑल द इन्फर्मेशन्स.'

क्रियापदांच्या वाचनात 'ॲम वर्किंग'चे 'हॅव बीन वर्किंग' होते आणि त्यासोबत 'सिन्स'चा 'फॉर'. 'ऑन मंडे' ही संपलेली वेळ असल्याने 'हॅव सबमिटेड'चे 'सबमिटेड' होते. 'डिड नॉट गॉट' हे 'डिड नॉट गेट' करता येईल, परंतु उत्तराची वाट अजून संपलेली नाही, म्हणून 'हॅव नॉट रिसीव्ह्ड' अधिक नेमके. शेवटच्या वाक्यातला 'व्हेन' हा 'जेव्हा' आहे, म्हणून 'विल कॉल'चे 'कॉल'. नामांच्या वाचनात 'अकाउंट्स डिपार्टमेंट'ला 'द' मिळतो, कारण वाचकाला तो विभाग माहीत आहे, आणि 'इन्फर्मेशन्स'चा 'एस' जातो. पुढच्या वाचनात 'अबाउट' गळतो. सांधे पाहताना 'व्हेन आर यू फ्री' सरळ होते आणि सोमवारनंतरच्या स्वल्पविरामाला 'बट'चा आधार मिळतो. 'द सेम' ही कार्यालयीन सवय आहे. तेथे साधे 'इट' चांगले वाचते.

हाती राहते ते असे: 'आय हॅव बीन वर्किंग इन द अकाउंट्स डिपार्टमेंट फॉर थ्री इयर्स. आय सबमिटेड माय लीव्ह ॲप्लिकेशन ऑन मंडे, बट आय हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय. आय वुड लाइक टू डिस्कस इट विथ यू. प्लीज टेल मी व्हेन यू आर फ्री. व्हेन यू कॉल मी, आय विल ब्रिंग ऑल द इन्फर्मेशन.'

ज्यांच्या मागे लागू नये असे नियम

नवशिक्याचा बराच वेळ अशा नियमांत जातो जे मुळात नियमच नाहीत. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, ही समजूत इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने 1672 मध्ये घेतलेल्या आक्षेपापर्यंत मागे नेली जाते. 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर' हे वाक्य तेव्हाही स्वाभाविक होते आणि आजही आहे. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा आग्रह एकोणिसाव्या शतकातला. 'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करता येते. लिंग ठाऊक नसलेल्या एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणे चौदाव्या शतकापासून चालत आले आहे. उपपदे आणि काळ पक्के होईपर्यंत या वादांकडे दुर्लक्ष केलेले बरे.

सॉफ्टवेअर, शब्दकोश आणि चुकांची वही

व्याकरण तपासणारे सॉफ्टवेअर जरूर वापरावे, परंतु आपली वाचने झाल्यानंतर. आधी वापरले तर चूक दुरुस्त होते, पण ती का झाली हे कळत नाही आणि पुढच्या मजकुरात ती पुन्हा येते. शिवाय त्याला आपल्या मनातला अर्थ कळत नाही. 'द डिसिजन इज नाउ फायनल' लिहायचे असताना 'नाउ'च्या जागी 'नॉट' टंकला गेला, तर वाक्य व्याकरणाने निर्दोष राहते आणि अर्थ उलटा होतो. सूचना का दिली हे न समजता ती स्वीकारू नये. विशेषतः 'द' घाला किंवा काढा असे सांगितल्यास चौथ्या पायरीतील तीन प्रश्न स्वतः विचारून पाहावेत.

शब्दकोश निवडताना इंग्रजी–मराठी कोशासोबत, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश जवळ ठेवावा. अशा कोशात नामापुढे 'सी' किंवा 'यू' हे अक्षर देऊन ते मोजता येते की नाही हे सांगितलेले असते आणि क्रियापदासोबत कोणते शब्दयोगी अव्यय येते हे उदाहरणवाक्यातून कळते. शब्दाचा अर्थ माहीत असला, तरी या दोन गोष्टींसाठी कोश उघडण्याची सवय लावून घ्यावी.

सापडलेली प्रत्येक चूक एका वहीत तीन रकान्यांत उतरवावी: लिहिलेले वाक्य, दुरुस्त केलेले वाक्य आणि ज्या मराठी वाक्यावरून ते आले ते वाक्य. तिसरा रकाना टाळू नये, कारण पुढच्या वेळी मनात तेच मराठी वाक्य उमटेल तेव्हा सावध करणारी खूण तीच असते. काही दिवसांनी त्या रकान्यात एखादी रचना वारंवार दिसू लागते. कोणाच्या वहीत 'पासून', कोणाच्या वहीत 'गेलो होतो', कोणाच्या वहीत 'की'. जी रचना सर्वाधिक वेळा आली असेल, तिच्यासाठीचे वाचन पुढच्या मजकुरात सर्वांत आधी करावे.